व्हिएन्नात महिनाभर राहायचंय, पहिल्या दिवशी काय काय करू?

प्रश्न : माझ्या मुलीचं व्हिएन्ना विद्यापीठात महिनाभराचं काम आहे आणि जूनमध्ये मी पण तिच्यासोबत जातेय. भाड्याचा फ्लॅट बघितलाय, पत्त्यात ११६० असं लिहिलंय, स्वयंपाकघर आहे. शनिवारी दुपारी दीडला विमान उतरतंय. माझं वय ६१, गुडघे दुखतात, मी पूर्ण शाकाहारी. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं आणि इथून खायचं काय काय न्यायचं? पोलिसात नोंद करावी लागते असं कोणीतरी सांगितलं, त्याची जरा धास्तीच घेतलीय. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, आधी शनिवारचं बोलू, कारण सगळी गडबड तिथेच होऊ शकते. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला दुकानं बंद होतात आणि रविवारी जवळपास सगळी सुपरमार्केटं बंदच असतात. तुम्ही दीडला उतरणार, इमिग्रेशन, बॅगा, प्रवास धरून घरी पोचायला साडेतीन-चार सहज होणार, म्हणजे हातात दोनच तास. त्यामुळे फिरणं-बिरणं त्या दिवशी डोक्यातून काढून टाका, पहिला दिवस फक्त घर लावायचा. तुम्ही बॅगा उघडा, आंघोळ करा आणि लेकीला लगेच पिशव्या देऊन दूध, दही, ब्रेड, तांदूळ, बटाटे, कांदे आणायला पाठवा. त्यातूनही राहिलंच तर हाउप्टबानहोफ किंवा प्राटरस्टेर्न स्टेशनातली सुपरमार्केटं रविवारी चालू असतात, पण तिथे अख्खं शहर लोटलेलं असतं, रांगेत गुडघ्यांचे हाल होतील.

विमानतळावरून एस-७ लोकल पकडा, व्हिन मिटेला उतरा आणि तिथूनच यू-३ मेट्रो घ्या, ती थेट ओटाक्रिंगला जाते. तुमचा ११६० म्हणजे तोच भाग, मधले दोन आकडे भागाचा नंबर सांगतात, सोळावा. स्टेशनात गेट नाहीत म्हणून तिकिटाशिवाय बसायचं मनातही आणू नका, साध्या कपड्यातले तपासनीस मध्येच येतात आणि दंड चांगलाच जड असतो.

आता गुडघ्यांचं, आणि हे निघण्याआधीच घरमालकाला विचारा. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींमध्ये तळमजल्याच्या वर होखपार्टेर नावाचा मजला, त्यावर मेझानिन नावाचा आणखी एक आणि मग कुठे पहिला मजला सुरू होतो. म्हणजे "पहिला मजला" ऐकून आपण खूश व्हायचं आणि प्रत्यक्षात तीन जिने चढायचे! लिफ्ट आहे का, ती अगदी रस्त्याच्या पातळीपासून आहे का, हे दोन्ही लेखी विचारून घ्या. पत्ता ४५/२/१४ असा असेल तर ४५ इमारत, २ जिना, १४ दार, बेलवर बरेचदा नाव नसतं, फक्त दाराचा नंबर असतो.

आणि दार, हे मी प्रत्येकाला सांगते. तिथल्या बऱ्याच फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसता घट्ट बसवलेला गोळा असतो. तुम्ही कचरा टाकायला दोन मिनिटं बाहेर आलात आणि वाऱ्याने दार लागलं की संपलं, किल्ली आत आणि तुम्ही जिन्यात, शनिवारी रात्री कुलूपवाल्याला बोलवायचं तर भरपूर पैसे जातात. किल्ली गळ्यात अडकवा हवं तर, पण तिच्याशिवाय उंबरा ओलांडू नका. फोडणी करताना खिडकी उघडी ठेवा म्हणजे स्मोक अलार्म वाजणार नाही.

सामानात मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, डाळी, पोहे खुशाल न्या. पण तूप, पनीर, खवा नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि हापूससुद्धा नको, त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं, आंबे इथेच पोटभर खाऊन निघा. तिथे टॉपफेन नावाचा चक्क्यासारखा पदार्थ कुठेही मिळतो, त्याचं श्रीखंड फार छान होतं. कणीक, हिंग, कढीपत्ता यासाठी वेस्टबानहोफ स्टेशनजवळ प्रोझी नावाचं मोठं दुकान आहे, आणि तुमच्याच भागात ब्रुनेनमार्क्ट हा रस्त्यावरचा बाजार, तिथे कोथिंबीर, पुदिना, मिरच्या मिळतात. बाहेर जेवताना सूप मागवण्याआधी नक्की विचारा, फ्रिटाटेनझुपं दिसायला साधं, कापलेल्या धिरड्यासारखं असतं पण ते बीफच्या पाण्यात करतात.

पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका हो. नळाला येणारं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, पहिली पाइपलाइन १८७३ची, दुसरी १९१०ची, आणि ते नुसत्या उतारावरून वाहत शहरात येतं. इतकं गोड पाणी नळाला येतं हे बघून मला त्या शहराबद्दल खरंच आदर वाटतो. बाटलीबंद काही घेतलंच तर प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं, म्हणून चेपून टाकू नका.

रात्री लवकर झोप येईल, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो ना, आणि पहाटे चार-साडेचारला टक्क जाग येईल. तिचा फायदा घ्या, रविवारी सकाळी शोनब्रुन राजवाड्याची बाग साडेसहाला उघडते, फुकट आहे, गर्दी नसते आणि बाकं भरपूर.

नोंदीची धास्ती सोडा, पोलिसात जायचंच नसतं. खासगी फ्लॅटमध्ये उतरलात तर आल्यापासून तीन दिवसांत मेल्डेत्सेट्टेल नावाचा फॉर्म, घरमालकाची सही घेऊन, पासपोर्टसोबत महापालिकेच्या कुठल्याही वॉर्ड ऑफिसात द्यायचा, पैसे लागत नाहीत. हॉटेल किंवा हॉटेलसारखं चालवलेलं अपार्टमेंट असेल तर ते स्वतःच करतात, म्हणून तुमचा फ्लॅट कुठल्या प्रकारचा ते आत्ताच विचारा. सही शनिवारीच, किल्ली घेतानाच घ्या आणि सोमवारी सकाळी दोघी जाऊन या. निघताना ही नोंद तशीच जाऊन रद्दसुद्धा करायची असते, तेवढं लेकीच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.