अडलं तिथलीच नोंद लिही

भाऊ, चोपड्याहून शिकून जळगावात सॉफ्टवेअरच्या पहिल्या नोकरीला लागलास, कमांडच्या चाळीस पानी याद्या छापून टेबलावर ठेवल्यास, तरी रोज दहादा शोधाशोध होते आणि आता नोट्स वहीत लिहू की फाइलमध्ये, असं विचारतोस. तुझ्या त्या याद्या दुसऱ्या कुणाला अडलं त्यावरून झाल्या आहेत, म्हणून वेळेला कामी येत नाहीत.

मी अठरा वर्षं या कामात आहे आणि माझ्या सगळ्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. शीर्षक अडचणीचं द्यायचं, तेही त्या क्षणी तोंडातून जे निघालं त्याच शब्दांत. माझी एक नोंद 'कमिट कथा गयं?' (कमिट कुठे गेलं?) अशी चक्क अहिराणीत आहे. गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं साधन, कमिट म्हणजे त्यात जतन केलेला बदल. घाबरलं की 'रिफ्लॉग' (आपण कुठल्या कुठल्या कमिटवर होतो त्याची गिटने ठेवलेली यादी) हा शब्द आठवत नाही, घरची बोली आठवते. तिच्याखाली लिहिलंय: चुकून गिट रिसेट हार्ड (मागच्या कमिटवर नेऊन बदल पुसणारी कमांड) झालं तर आधी गिट रिफ्लॉग बघ, जुन्या कमिटचा हॅश (ओळखीचा क्रमांक) उचल, त्यावर नवी ब्रँच (शाखा) काढ. असे सुटलेले कमिट मूळ सेटिंगमध्ये रिफ्लॉगला ३० दिवस राहतात. कमिटच न केलेलं काम मात्र तिथे मिळणार नाही.

सगळ्यात लांब नोंद वेळेची आहे. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडून शेतकऱ्यांना रोज सकाळी ९ वाजता भावाचा मेसेज जायचा होता. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) मी तास ९ लिहिला, माझ्या मशीनवर बरोबर चाललं. सर्व्हरवरून मेसेज गेले दुपारी अडीचला. तोवर कापणी उरकून गाड्या भरल्या होत्या. लोकांनी भाव न कळता माल दिला, ते मला आजही लागतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे.

त्या संध्याकाळी लिहिलं: क्रॉनची घरं पाच, मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आपले सकाळचे ९ म्हणजे यूटीसीचे ३:३०, म्हणून '३० ३ * * *' (टाइप करताना अंक इंग्रजी). पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. पहाटे साडेपाचच्या आधीचं काम असेल तर वारही मागे जातो. आपल्या सोमवारचे पहाटे ४ म्हणजे तिकडे रविवारचे २२:३०. आणि डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेव, भारतीय वेळ फक्त दाखवताना कर.

त्याच कामात एसएमएसचं बिल फुगलं होतं. इंग्रजी मजकुराला एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. शिवाय 'क्विंटल' डोळ्याला तीन अक्षरं दिसतो, युनिकोडच्या मोजणीत तो ७ भरतो: हलन्त, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे. मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्याने हे लिहून ठेवलंच पाहिजे.

बाकी बारीकसारीक एकेका ओळीत आटोप. फाइलच्या परवानग्यांत वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, बेरीज करायची. अडलं म्हणून ७७७ देऊन, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं करून, मोकळं व्हायचं नाही. वेब सर्व्हरच्या उत्तरात ४०१ म्हणजे तू कोण ते कळलं नाही, ४०३ म्हणजे कळलं, पण परवानगी नाही.

प्रत्येक नोंदीला तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती टाक, कारण जुनी कमांड नव्या आवृत्तीत वेगळी वागू शकते. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडायची गुप्त किल्ली) यात कधीच नकोत.

वहीपेक्षा फाइल बरी, ग्रेपने (फाइलमधला मजकूर शोधणारी कमांड) क्षणात सापडतं. ती स्वतःच्या खासगी गिट रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) ठेव. ऑफिसचा लॅपटॉप एक दिवस परत करावा लागतो.