माडीवरचे तीन दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गुरू कसा ओळखायचा, असं विचारलंस. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ज्यांच्याकडे वर्षभर जात होतास ते परवा ड्रायव्हरवर खेकसताना दिसले आणि मन उडालं, असं लिहिलंस. तुझं खरं पत्र त्या दोन ओळीच.

दांडिया बाजारातलं अरविंद निवास तू पाहिलं असशीलच. बडोदा कॉलेजात शिकवत होते, तेव्हा अरविंदबाबू, म्हणजे पुढचे योगी अरविंद घोष, तिथे राहायचे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली, त्यानंतर ते बडोद्याला आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी साधकाला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत, दोघं तीन दिवस बसले. लेल्यांचं सांगणं साधं होतं : विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा. विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधीच परतवा. केंब्रिजला शिकलेला, ग्रीक-लॅटिन कोळून प्यालेला माणूस सांगितलं तसं करत बसला आणि मन निःशब्द झालं.

पुढे अरविंदांनीच लिहून ठेवलंय, की बुद्धीनं आणि शिक्षणानं लेले त्यांच्याहून पुष्कळ उणे होते, अध्यात्मातही पूर्णत्वाला पोचलेले नव्हते. तरी त्यांनी स्वतःला लेल्यांच्या हाती सोपवलं. तो 'तरी' मला त्या शांतीपेक्षा मोठा वाटतो. काही दिवसांनी लेल्यांनीच त्यांना आतल्या आवाजाच्या हवाली केलं, आणि वाटा वेगळ्या झाल्या.

माझं म्हणशील, तर आमच्या वाड्यात एक काका होते, कारकून. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे मंत्र मागायला गेलो. मंत्र वगैरे काही मिळाला नाही. "पहाटे येऊन बस," एवढंच म्हणाले. बसायचो. पाय दुखायचे, डास चावायचे, ते जपात आणि मी घड्याळात. सहा महिन्यांनी एकदा नळावर भांडताना त्यांच्या तोंडून अशी शिवी ऐकली की मी जाणंच सोडलं. तुझ्यासारखाच शहाणा होतो!

पण पहाटेची जाग काही सुटली नाही. बसणंही सुटलं नाही. आई गेली त्या वर्षी त्या बसण्यानंच मला सावरलं. ते कुणाचं होतं, हे कळायला मात्र बारा वर्षं लागली.

तेव्हा तुझ्या गुरुजींना हवं तर सोड, माझी हरकत नाही. खेकसणं ते खेकसणंच. पण त्या वर्षात त्यांच्याकडून अंगात काय मुरलं ते आधी बघ, आणि जाऊन त्यांना सांगून ये. चिठ्ठी-मेसेज नको, स्वतः जा.

मी गेलो तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. तयार करून नेलेली वाक्यं घशातच राहिली, नुसता पाया पडलो. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "खाली पाणी आलं का रे?"

मी बादली घेऊन खाली गेलो.