भाषा-शंका: इंग्रजीवरून जर्मन, आणि कोण जर्मानिक

प्रश्न (म्हापसा): मी कांदोळीच्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे. पाहुण्यांसाठी जर्मन शिकतेय. काही शब्द इंग्रजीजवळचे वाटतात, काही अजिबात नाहीत. ओळखायची रीत आहे का?

उत्तर: आहे, आणि ती भरवशाची आहे. दोन्ही भाषा पश्चिम जर्मानिक शाखेतल्या, म्हणजे एकाच मुळातून फुटलेल्या. सुमारे सहाव्या शतकापासून दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत प, ट, क बदलत गेले. इंग्रजी आणि डच त्यातून सुटल्या. म्हणून इंग्रजी टेन, डच टीन, पण जर्मन त्सेन.

अक्षर कुठं आलंय ते आधी पाहा. शब्दारंभी ट असेल तर त्स, स्वरानंतर असेल तर स: वॉटरचं वासर. मिरीच्या 'पेपर'मध्ये दोन्ही जागा दिसतात, आरंभी प्फ आणि मध्ये फ: प्फेफर. स्वरानंतरच्या क चा ख होतो, मेकचं माखन. आरंभीचा क मात्र हलत नाही, कोल्डचं काल्ट. स ला जोडलेला ट सुद्धा तसाच राहतो: स्टोन, श्टाइन. बदल ओसरल्यावर आलेल्या शब्दांना हा नियम लावू नका. चहाचा 'टे' टे च आहे.

दोन शब्द मात्र हमखास फसवतात. 'बेकोमन' म्हणजे मिळणं, होणं नव्हे. आणि जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष! भेटवस्तूला 'गेशेंक' म्हणा.

लिंगं मराठीसारखीच तीन, पण मराठीवरून ठरवलीत तर चुकाल: चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. नाम पाठ करताना त्याच्या आधी येणाऱ्या डेअर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), डास (नपुंसकलिंगी) सकटच करा. 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे, कारण -शेन हा लघुत्वाचा प्रत्यय लागलेलं प्रत्येक नाम नपुंसकलिंगीच होतं. कोकणीतलं 'चेडूं' (मुलगी, तेही नपुंसकलिंगी) तोंडात असलेल्या गोंयकाराला हे जड जाऊ नये.

खरी अडचण क्रियापदाची. साध्या विधानात ते दुसऱ्या जागी हवं: 'हॉयटं कोमं इश', आज येते मी. इंग्रजीच्या सवयीनं 'आज'नंतर 'मी' घातलंत की वाक्य मोडलं. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं, की क्रियापद शेवटी: 'वाइल इश हॉयटं कोमं'. इथं मराठीचा कान कामी येतो.

डच पाहुण्यांशी मात्र जर्मन बोलू नका. ती वेगळी भाषा आहे, आणि त्यांच्याशी इंग्रजीच बरी.

प्रश्न (पेडणे): मोरजीला येणाऱ्या रशियन आणि फिनलंडच्या लोकांच्या भाषाही जर्मानिक का?

उत्तर: नाही. रशियन स्लाव्ह शाखेची; मराठीसारखीच भारत-युरोपीय कुळातली. फिनिश त्या कुळातलीही नाही. ती उरालिक नावाच्या वेगळ्या कुळातली, एस्टोनियन आणि हंगेरियनच्या नात्यातली. गोंधळ होतो तो स्वीडिशमुळे: ती जर्मानिक आहे आणि फिनलंडची दुसरी राष्ट्रभाषाही. तेव्हा पासपोर्टवरून भाषा धरू नका. स्वित्झर्लंडच्या पाहुण्याची भाषा जर्मन, फ्रेंच, इटालियन किंवा रोमान्शही असेल. आधी 'श्प्रेखन झी डॉइच?' विचारा, मग पुढं बोला.