कॉम्प्युटर 'डिस्क रीड एरर' दाखवून अडकतोय, रात्रभर चेकडिस्क लावू की सरळ फॉरमॅट मारू?

दोन्ही नको. आत्ता तर अजिबात नको. आधी मशीन बंद करा आणि बंदच राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की चालू केलं की 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राईव्ह' येतं, टक्का एकाच आकड्यावर तासन्तास थांबतो, मधेच काळ्या पडद्यावर डिस्क रीड एरर येतो, दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू आणि मित्र म्हणतो चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) लावून झोप, सकाळी झालेलं असेल. आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि बॅकअप कुठेच नाही. हे वाचून राहवलं नाही, कारण हाच वाद आमच्या घरात झालाय आणि अजून मिटलेला नाही.

आमचं कराडला छपाईचं दुकान. अण्णांनी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, ट्रेडल मशीन होतं, नंतर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, आलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काय नव्हतं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पतसंस्थांची पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, सगळं कोरल आणि पेजमेकर ह्या छपाईच्या प्रोग्रॅममध्ये, मराठी टायपिंग श्रीलिपीतलं. बाहेरच्याला वाटेल जुन्या पत्रिकेची फाईल जपून काय करायचंय. पण गिऱ्हाईक येऊन म्हणतं, थोरल्याची छापली होती तश्शीच धाकट्याची करा, फक्त नावं आणि मुहूर्त बदला. ती फाईल उघडली तर काम चहा संपायच्या आत होतं, नाही उघडली तर भाऊबंदांची सगळी नावं मानापानाच्या क्रमाने परत टाईप करायची आणि त्यात एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं की पुढची दहा वर्षं तो आमच्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणजे दुकानाचं भांडवल मशीनमध्ये नव्हतं, त्या हार्डडिस्कमध्ये होतं.

तुळशीचं लग्न होऊन ऑर्डरी सुरू झाल्या होत्या, दुपारी लाईट गेली, आली, आणि मशीन चालूच होईना. तुमच्यासारखंच, आधी स्कॅनिंग, मग अडकणं, मग रीड एरर. नेहमीचा इंजिनियर आला तो पेनड्राईव्ह हातात घेऊनच. बघितलं न बघितलं आणि म्हणाला लाईटमुळे विंडोज उडालंय, सी फॉरमॅट मारतो, डी मधलं काही जात नाही, तासाभरात देतो. मी त्याचा हात धरला. गेले काही आठवडे एखादी फाईल उघडताना मशीन मिनिटभर गप्प बसायचं आणि हार्डडिस्कचा दिवा नुसता लागून राहायचा, ते मी बघत होतो. विंडोज एका दिवसात उडतं, असं आठवडे-आठवडे रेंगाळत नाही. आणि सी आणि डी ह्या काही दोन वेगळ्या डिस्क नाहीत हो, एकाच डिस्कवर आखलेल्या दोन हद्दी आहेत. तबकड्या त्याच, वाचणारी हेडंही तीच. तबकडी खराब व्हायला लागली की ती हद्द बघून खराब होत नाही.

तेवढ्यात अण्णांनी दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे बहिणीचे मिस्टर, पुण्याला आयटीत, मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी फोनवरच निकाल दिला, चेकडिस्क स्लॅश आर लावा (म्हणजे खराब जागा शोधायचा हुकूम), बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले बारीक कप्पे, दुरुस्त होतात, एका रात्रीचं काम आहे. मी म्हणलं दाजी, आधी डिस्कची कॉपी काढू, मग काय लावायचं ते लावू. तर म्हणाले, अरे एवढं काही नसतं, मायक्रोसॉफ्टने उगाच दिलंय का ते. आणि घरात सगळ्यांनी मान डोलावली, कारण ते इंजिनियर आणि मी बी.कॉम. करून गल्ल्यावर बसलेला. हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. शिकलेला माणूस बोलतो म्हणून मशीन त्याचं ऐकत नाही. मशीनला काय झालंय ते मशीनलाच विचारायला लागतं.

मी विचारलं. सिस्टीमरेस्क्यू ह्या लिनक्सवर चालणाऱ्या बचाव-सिस्टीमचा पेनड्राईव्ह केला, त्यावरून मशीन चालू केलं (म्हणजे विंडोजला हातच लागत नाही) आणि त्यातलाच स्मार्टसीटीएल हा प्रोग्रॅम चालवून डिस्कचा स्वतःचा हिशोब काढला. प्रत्येक हार्डडिस्क आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हार्डडिस्कच्या नोंदीत चार ओळी बघायच्या (हे नंबर हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकडेमोडीतले; स्मार्टसीटीएलमध्ये तेच ५, १९७, १९८, १९९ असे दिसतात). ०५ म्हणजे किती सेक्टर कायमचे बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले. सी५ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निर्णय लटकलाय. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही जे वाचता आले नाहीत. आणि सी७, ही ओळ बहुतेक इंजिनियर बघतच नाहीत, त्यात केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका मोजल्या जातात. सी७ वाढत असेल आणि बाकी तीन शून्य असतील तर डिस्क बिचारी ठणठणीत असते, डिस्क मदरबोर्डला जोडणारी शंभर-दीडशेची साटा केबल बदलायची आणि घरी जायचं. आमच्यात सी७ शून्य होता आणि सी५ भरलेला. म्हणजे विषय संपला, डिस्कच जात होती. लाईट फक्त निमित्त झाली.

आता इथे दाजींचं नेमकं कुठे चुकतं ते सांगतो, कारण तुमचा मित्र तेच सांगतोय. चेकडिस्क हे डिस्क दुरुस्त करायचं साधन नाही, डिस्कवरचा फाईलींचा जमाखर्च जुळवायचं साधन आहे. कुठली फाईल कुठे ठेवलीय याची जी वही असते तिच्यातल्या नोंदी जुळत नसतील तर चेकडिस्क त्या जुळवून देतं. कसं जुळवतं? जी नोंद वाचता येत नाही ती काढून टाकतं, जी फाईल कुठल्याच फोल्डरची राहिली नाही ती वेगळ्या फोल्डरात टाकतं, आणि मोडकेतोडके तुकडे फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाच्या फोल्डरात सीएचके फाईली म्हणून भरून ठेवतं. नाव नाही, तारीख नाही. हिशोब जुळला, माल गेला. आणि हे सगळं ते त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहितं. वर स्लॅश आर लावलं की डिस्कचा कोपरा न् कोपरा, रिकामी जागासुद्धा, वाचायला घेतं, आणि खराब सेक्टर आला की डिस्क परत परत प्रयत्न करत बसते. ज्या हेडकडे आता थोडीच ताकद उरलीय ती रिकामी जागा तपासण्यात घालवायची?

बरं, फॉरमॅट. सध्याचं विंडोज क्विक फॉरमॅट मारतं तेव्हा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त वही नवी येते, हे खरं. पण त्यावर नवं विंडोज टाकलं की अनेक जीबी लिहिले जातात आणि जिथे लिहिलं तिथलं परत येत नाही. विस्टापासून पुढे फुल फॉरमॅट तर शून्य लिहितो, त्याच्यानंतर कोणी काही करू शकत नाही.

मी काय केलं, तर शेजारच्या दुकानातून त्याच दिवशी मोठ्या साईजची नवीन डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा फुकट प्रोग्रॅम आहे, ग्नू ह्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा, खराब डिस्कची कॉपी काढणारा. त्याचं शहाणपण असं की जे सहज वाचता येतं ते सगळं आधी पळवतो, अडलं की तिथे झटापट करत न बसता पुढे उडी मारतो, आणि अवघड जागा शेवटी घेतो. पहिल्या फेरीला मायनस एन लावायचं म्हणजे तो खरवडत बसत नाही, सगळं हाताशी आलं की मग मायनस आर तीन लावून राहिलेल्या जागांवर परत प्रयत्न करायचे. आणि मॅपफाईल द्यायचीच. त्यात कुठपर्यंत आलं, कुठे अडलं ते लिहिलं जातं, ती वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवायची. आमच्याकडे मधेच परत लाईट गेली, पण मॅपफाईल होती म्हणून जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. एकच गोष्ट दोनदा-तीनदा तपासायची, कुठून कुठे. जुनी आणि नवी उलट दिली तर कोऱ्या डिस्कची कॉपी तुमच्या फोटोंवर होते. साईजवर विसंबू नका, डिस्कवरच्या लेबलचा सीरियल नंबर आणि पडद्यावरचा नंबर ताडून बघा, मगच एंटर.

रात्री दुकानातच झोपलो. सकाळी नव्या डिस्कवर जवळजवळ सगळं आलेलं, थोडे केबी राहिले होते. मग त्या कॉपीची अजून एक कॉपी केली आणि तिच्यावर मी स्वतः चेकडिस्क स्लॅश एफ (फक्त वहीतल्या नोंदी जुळवणारं) लावलं. मला चेकडिस्कशी काही दुष्मनी नाही, त्याची जागा तिथे आहे, कॉपीवर. विंडोज चालू झालं, कोरल उघडलं, त्याच दिवशी पत्रिका छापायला गेल्या. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून इंजिनियरला बोलवायच्या आधी मला विचारतात.

आणि आता वादाचा मूळ मुद्दा. डेटा हातात आल्यावर जुनी डिस्क मोकळीच होती. दाजी सुट्टीला आले, म्हणाले आण इकडे, दाखवतो. मी दिली. त्यांनी चेकडिस्क स्लॅश आर लावलं. चौथ्या टप्प्यात, जिथे फाईलींच्या आतला डेटा तपासतात, तिथे जाऊन जे बसलं ते रात्रभर तिथेच. सकाळी मशीन परत चालू केलं तर डिस्क बायोसमध्येसुद्धा (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिसेना. दाजी काय म्हणाले? "ती तशीही जाणारच होती." अहो दाजी, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो! जाणारच आहे म्हणूनच तर तिच्यात जीव आहे तोवर आधी वाचून घ्यायचं. अजून प्रत्येक कार्यक्रमात हा विषय निघाला की ते तेच वाक्य बोलतात आणि सगळे हो हो म्हणतात. म्हणून इथे लिहून ठेवतोय. दाजी, वाचत असाल तर ह्यावर उत्तर द्या, घरी नको, इथेच द्या.

तुमच्याबद्दल बोलायचं तर लॅपटॉप असेल तर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) टाका आणि दुसऱ्या मशीनला लावा. तिथे विंडोज असेल तर लावल्या लावल्या 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा चौकोन येऊ शकतो, त्याला कॅन्सल. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या प्रोग्रॅमने स्मार्ट बघता येतं, पण त्यातले आकडे आधी हेक्समध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. नुसतं 'गुड' लिहिलंय म्हणून निर्धास्तही होऊ नका. कॉपी हातात येईपर्यंत दुसरं काहीही नाही, बूटरेक नाही, स्टार्टअप रिपेअर नाही (दोन्ही विंडोज चालू होत नसलं की लावायची दुरुस्तीची साधनं), काही नाही. कोणी दुकानवाला कॉपी न काढता फॉरमॅट मारायला निघाला तर डिस्क उचलून बाहेर पडा, मग तो कितीही ओळखीचा असो.

काही गोष्टी वर सांगायला पाहिजे होत्या, त्या इथे. हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल. आतून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर डीडीरेस्क्यूसुद्धा लावू नका, लगेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्या, खर्च हजारांत जातो पण फोटो महत्त्वाचे असतील तर तोच रस्ता. फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, घरी झाकण तर उघडूच नका, हेड तबकडीच्या इतकं जवळून तरंगतं की धुळीचा एक कण पुरेसा होतो.

एसएसडीचं वेगळं. ती बऱ्याचदा काही सूचना न देता जाते, कधी बायोसमधून गायब होते, कधी नुसती वाचता येते आणि लिहिता येत नाही. असं 'नुसती वाचता येते' असेल तर नशीब समजा आणि त्याच क्षणी कॉपी करा.

जुना डेस्कटॉप असेल आणि तारीख-वेळ चुकीची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बघा. तो संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलू शकतो आणि विंडोज निळा पडदा दाखवतं, लोक डिस्क गेली समजून नवी आणतात. पण तुमचा टक्का तासन्तास अडकतोय म्हणजे तुमचं तसं नसावं.

आणि लॅपटॉप नवीन असेल, विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने चालू केलेलं असेल, तर डिस्क बहुतेक बिटलॉकर ह्या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद आहे. कॉपी निघेल, पण ४८ आकडी रिकव्हरी की शिवाय उघडणार नाही. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. आज मोबाईलवरून लॉगिन करा, ती आहे का बघा आणि कागदावर उतरवून ठेवा, डिस्कला नंतर हात लावा.