कायदा-सल्ला : फरारी चुलता आणि सामाईक कलमबाग

प्रश्न : खुनाच्या खटल्यातून चुलता २५ वर्षांपूर्वी दुबईला पळाला. गुन्हा मुदतबाह्य झाला का? बाग सामाईक आहे. – एक वाचक, गुहागर

उत्तर : छे! तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नसते. खटला प्रलंबित असला की पासपोर्ट नाकारता येतो. नूतनीकरणालाच अनेकांची गाडी अडते. अमिरातीशी १९९९चा प्रत्यार्पण (आरोपी परत सोपवण्याचा) करार आहे, पण इंटरपोलची रेड नोटीस (फरारी शोधून धरण्याची देशोदेशीच्या पोलिसांना विनंती) म्हणजे वॉरंट नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाची विनंती लागते, शिवाय तिथलं कोर्ट हमी मागू शकतं. अबू सालेमला २००५ साली पोर्तुगालहून आणलं ते फाशी न देण्याच्या बोलीवर.

खरी काळजी बागेची. फरारी घोषित झाल्यावर त्याचा हिस्सा जप्त होऊ शकतो. जप्तीपासून सहा महिन्यांत तुमच्या हिश्शाची हरकत कोर्टात नोंदवा, सातबारा आणि फेरफार जोडून. नुसतं तलाठ्याला सांगून भागत नाही.