पावसाळ्यात शेडमध्ये बंद ठेवलेली होडी आणि गाडी उंदरांपासून कशी वाचवावी?

तुम्ही लिहिलंय की देवगडकडे खाडीकाठच्या शेडमध्ये वडिलांची फायबरची होडी, तिचं इंजिन, जाळी आणि तुमची जुनी गाडी जूनपासून बंद असते. तुम्ही राहता ठाण्याला. गेल्या वर्षी उंदरांनी गाडीच्या वायरी तोडल्या, जाळ्याला भोकं पाडली. विषाच्या वड्या ठेवल्या तर उंदीर होडीच्याच खणात मेला आणि महिनाभर वास जाईना.

मी रत्नागिरीकडचा. बरीच वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काढली, आता घरी असतो आणि एक छोटी होडी बाळगून आहे. तुमच्यासारखीच फजिती माझी पहिल्याच पावसाळ्यात झाली. होडी नीट राहावी म्हणून मी जाळं आतच गुंडाळून ठेवलं, लाइफ जॅकेटं त्यावर टाकली, वरून ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. नारळी पौर्णिमेच्या आधी दोर सोडले तर एका जॅकेटचा फोम भुसा करून ठेवलेला, त्यात गुलाबी पिल्लं, आणि जाळ्याच्या मधोमध टोपलीएवढं भगदाड. पावसात कोरडी, उबदार, मासळीचा वास असलेली आणि दोन महिने कोणी हात लावणार नाही अशी जागा मी त्यांना स्वतःच्या हाताने बांधून दिली होती.

तेव्हापासून मी उलटं करतो. शेड जितकी बंद करता येईल तितकी करायची, आणि होडी-गाडी जितकी उघडी ठेवता येईल तितकी ठेवायची. बहुतेक लोक शेडचं दार फटींसकट सोडून देतात आणि होडी गुंडाळतात. हीच चूक.

घाई का करायची तेही सांगतो. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. छोट्या उंदराची मादी साधारण तीन आठवडे गाभण राहते, पिल्लं सहा आठवड्यांत वयात येतात. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात एक गाभण उंदरीण आत शिरली तर तुम्ही दार उघडेपर्यंत ती आजी व्हायच्या बेतात असते, आणि मधल्या काळात तिची स्वतःची दुसरी-तिसरी वीण झालेली असते. जूनच्या पावसात शेतातली, बांधावरची बिळं पाण्याने भरतात आणि सगळी जमात कोरड्या छपराकडे निघते. म्हणून काम मे महिन्यातच उरकायचं. तुम्ही सुट्टीत आंबे खायला जाताच, त्यातले दोन दिवस यासाठी काढा.

आधी पाहुणा कोण ते ओळखा. शेडमध्ये कडेकडेने रांगोळी भुरभुरवा आणि सकाळी पावलं बघा. लेंड्या जिऱ्याएवढ्या असतील तर छोटा उंदीर. अर्धा इंच किंवा त्याहून लांब असतील तर मोठा, म्हणजे कौलांवरून, माडावरून फिरणारा काळा उंदीर. बाहेर मातीचे ढीग आणि मुठीएवढी बिळं दिसली तर घूस. आणि चिचुंद्री दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. वास मारते खरी, पण ती किडे खाते, वायर कुरतडणं हे तिचं काम नाही.

आता शेड. छोट्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, मोठ्याला अंगठा जाईल एवढी. तेव्हा एक पेन्सिल घेऊन भर दुपारी आत जा, दार लावून घ्या आणि जिथून उजेड येतो तिथे तिथे ती घालून बघा. आपल्याकडच्या जांभ्याच्या भिंतीत दोन चिऱ्यांमधला चुना किंवा माती गळून पोकळ्या झालेल्या असतात. त्या सिमेंटने भरा. जुनी माणसं त्यात फुटक्या काचा कालवतात. ती पद्धत आजही उत्तम आहे, फक्त काच आत दाबून वर गुळगुळीत लेप द्या, नाहीतर कधीतरी तुमचाच हात कापेल. वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा असेल तर भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नळीखाली एक भोक राहतं. माझ्याकडे सगळी वाहतूक तिथूनच होती आणि मी मूर्खासारखा दोन वर्षं खालीच बघत होतो. तिथे पाव इंची तारेची जाळी ठोकायची, हवा खेळती राहते. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावू नका, ती एका रात्रीत खातात. ॲल्युमिनियमची किंवा जाड पत्र्याची पट्टी लावा. बारीक भोकांत लोखंडी स्टील वूल कोंबा असा सल्ला सगळीकडे मिळेल. खाऱ्या हवेत त्याचा महिन्याभरात गंज होऊन पडतो. भांडी घासायची स्टेनलेस तारेची घासणी कोंबा, ती टिकते.

शेडवर टेकलेली फांदी किंवा झावळी तोडा. मोठा उंदीर चांगली अडीच-तीन फुटांची उडी मारतो. भाताचा पेंढा, उडवी, कोंबड्यांचं खाद्य, नारळांचा ढीग यातलं काही भिंतीलगत नको. होडी शाकारायला पेंढा तर अजिबात वापरू नका, त्यात दाणे राहिलेले असतात. नारळाची झापं चालतात.

होडीकडे येऊ. गोड्या पाण्याने धुवा, अगदी पट्ट्यांच्या खालीसुद्धा. खवले, बांगड्याचं रक्त, आमिषाचे तुकडे वाळून चिकटलेले असतात आणि आपल्या नाकाला न येणारा वास त्यांना येतो. मग तळाच्या फळ्या उचलून उभ्या करून ठेवा, खणांची झाकणं काढून बाजूला ठेवा. उंदराला अंधारा कोपरा हवा असतो, तो मिळूच द्यायचा नाही. शेड असताना ताडपत्री कशाला? गळतीची भीती असेल तर होडीच्या दोन फूट वर दोर बांधून ताडपत्री छतासारखी ताणा, बाजू मोकळ्या सोडा. बुरशीही धरत नाही. पाणी काढायच्या भोकाला बूच मारू नका, पाव इंची जाळीचा तुकडा बसवा. शक्य असेल तर होडी भिंतीपासून दोन-तीन फूट सुटी, टेकूंवर उचलून ठेवा.

इंजिन काढून स्टँडवर लावा, तेही भिंतीपासून दूर. झाकणाखाली घरटं करायला त्यांना फार आवडतं. पेट्रोलची नळी आणि तिच्यावरचा रबरी फुगा काढून घरात न्या. टाकी रिकामी करून तीही शेडबाहेर ठेवा.

जाळी आणि जॅकेटं होडीत नकोत, हे मी नुकसान करून शिकलो. जाळं गोड्या पाण्यात खळबळून, पूर्ण वाळवून निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरतो, वर पट्टीचं झाकण. ड्रम गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे दात लावायला कड सापडत नाही. ओलं जाळं मात्र भरू नका, कुजकट वास सुटेल. ड्रममध्ये मावत नाही ते आढ्याला टांगतो आणि इथे जहाजावरची विद्या कामाला येते. बंदरात लागलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या गोल चकत्या लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या दोरावरून चालत येणाऱ्या उंदरासाठी असतात, त्याला रॅट गार्ड म्हणतात. मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेग उघड झाला, आणि उंदीर, त्यांच्या पिसवा आणि प्लेग यांचं नातं पुढे कळल्यावर जगभरातली बंदरं याबाबत कडक झाली. आजही जहाजाला आरोग्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यात उंदीर बघतातच. मी तेलाच्या डब्याचा पत्रा दीड फुटाचा गोल कापून, मधे भोक पाडून टांगणीच्या दोरात अडकवतो. आढ्यावरून उतरणारा उंदीर तिथे येऊन परत फिरतो. बायकोला वाटतं मी शेडमध्ये झुंबर लावलंय.

गाडीचं फार वेगळं नाही. आत बिस्किटाचा चुरा, मुलांचे खाऊचे पुडे, डिकीतली तांदळाची पिशवी, सगळं काढा. शेडमध्ये असल्यामुळे बॉनेट उघडं टेकवून ठेवा, बॅटरीची वायर सोडा. उजेड आणि वारा लागला की इंजिनवर बसायला त्यांना आवडत नाही. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या भोकात जाळी लावा आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधा, म्हणजे काढायची आठवण राहील. एसीची हवा आतल्या आत फिरेल अशा खुणेवर ठेवून मग गाडी बंद करा.

तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल, फिनाईल हे सगळं मी करून पाहिलं. चार दिवस बरं वाटतं, वास उडाला की मंडळी परत. डांबराच्या गोळ्या बंद गाडीत ठेवल्या तर तुमचंच डोकं दुखेल. कानाला न ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या प्लगच्या यंत्रावर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ सालीच अशा साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना, दावे करता तर पुरावे ठेवा, म्हणून पत्रं पाठवली होती. मांजराबद्दल म्हणाल तर आमचं मांजर होडीत बसून उंदरांची नाही, माशांची वाट बघायचं.

फटी बुजवल्यावर आत अडकलेले एक-दोन राहतातच, त्यांच्यासाठी चाप आणि पिंजरा. एक नाही, सहा-सात. भिंतीला काटकोनात, तोंड भिंतीकडे, कारण उंदीर भिंत धरून पळतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून तीन-चार दिवस चाप न लावता नुसतं आमिष ठेवा, खायला लागला की लावा. सुका बांगडा किंवा भाजलेलं खोबरं, चणाडाळीएवढा तुकडा आणि तोही दोऱ्याने बांधून. गावात रोज बघणारं कोणी असेल तरच हे करा. ठाण्याहून चाप लावता येत नाही. चिकटपट्टी मी वापरत नाही. दमट धुळीत ती चिकटत नाही आणि चिकटलाच तर जीव तासन्‌तास तडफडतो. आमची आई गणपतीच्या दिवसांत चापसुद्धा उचलायला लावायची, वाहन म्हणून. तोवर होडी पाण्यात असल्यामुळे मीही वाद घातला नाही.

विषाबद्दल थोडं कडक बोलतो. तुम्ही ठेवलेल्या वड्या बहुधा ब्रोमाडायलोनच्या. त्याने रक्त गोठत नाही आणि उंदीर खाल्ल्यावर चार-पाच दिवसांनी मरतो, तोवर तो कुठेही शिरलेला असतो. तुमच्या होडीच्या खणात तेच झालं. असा अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष पुढे जातं. ज्या तळावर मासळी ओतायची तिथे विषाचे तुकडे नकोतच. ठेवायचंच असेल तर शेडबाहेर, कुलपाच्या डब्यात. काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाईड, माणसासाठी घातक आहे आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत जाळते. आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या शेडमध्ये टाका असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. दमट हवेतच त्यातून जीवघेणा वायू सुटतो, आणि तुमची शेड पावसाळ्यात दुसरं काय असते?

ऑगस्टमध्ये उघडाल तेव्हा लगेच झाडू मारू नका. दार अर्धा तास मोकळं सोडा. गमबूट, हातमोजे घाला. लेंड्या आणि घरटं आधी ओलं करा, एक भाग ब्लीच आणि नऊ-दहा भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. ब्लीच वायरी आणि इंजिनवर मारू नका. आपल्या भागात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आहे आणि तो उंदराच्या मुताने ओल्या झालेल्या पाण्या-चिखलातून, पायावरच्या जखमेतून शिरतो. त्यानंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरला उंदरांची शेड साफ केल्याचं आधी सांगा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी नळी बोटांनी पूर्ण लांबीभर चाचपा. दाताची एक खूण दिसली तरी बदला. पेट्रोल ठिबकलं आणि ठिणगी उडाली तर खाडीच्या मधोमध पळायला जागा नसते. गाडीचंही तसंच, बॅटरी जोडण्याआधी टॉर्च घेऊन वायरी बघा.

आणि वडिलांना सांगा, मागच्या खणात हात घालण्याआधी काठी घालून आवाज करा. एका वर्षी माझ्या होडीत उंदीर नव्हताच, चांगली सात फुटी धामण वेटोळं घालून होती. मी दार उघडं ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर ती गेली होती, आणि त्या वर्षी बाहेर टांगलेलं जुनं जाळंसुद्धा अख्खं निघालं.