टँक फार्मवर फ्लेम डिटेक्टर बसवताना आणि चालू करताना काय सांभाळावं?

मिथेनॉल आणि टोल्युइन या ज्वालाग्राही द्रवांच्या टाक्यांपाशी (टँक फार्म) सहा आयआर फ्लेम डिटेक्टर, म्हणजे ज्वालेचे इन्फ्रारेड किरण ओळखून आगीचा इशारा देणारी उपकरणं, बसवायचे आहेत, व्हेंडरचा इंजिनिअर एकच दिवस येणार आहे, तर आपण स्वतः काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, हे काम बरीच वर्षं केलंय.

ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी मचाणावर चढा आणि डिटेक्टर जिथे येणार तिथे स्वतःचा डोळा लावून बघा. पंपाचं सील दिसतंय का? लोडिंगची फ्लँज दिसते का? ड्रॉइंगवर पाइपरॅक म्हणजे एक रेघ असते. प्रत्यक्षात त्यावरचा केबल ट्रे नेमका नजरेच्या आड येतो. गळतीची प्रत्येक जागा दोन डिटेक्टरांच्या टप्प्यात असू द्या. कॅटलॉगमधला पल्ला बहुधा एक फूट लांब-रुंद परातीत पेटवलेल्या हेप्टेनचा (पेट्रोलसारखा जळणारा द्रव) असतो, मिथेनॉलला तो बराच कमी मिळतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की सिग्नल पाव होतो. मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात माणसाला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून ही नजर चुकून चालणार नाही.

तोंड खाली झुकतं ठेवा, म्हणजे काचेवर पाणी आणि धूळ साचत नाही. केबल ग्लँडमध्ये (केबल डिटेक्टरच्या आत जाते तिथला घट्ट बसणारा तुकडा) शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून ओघळत थेट आत जातं. न वापरलेल्या एन्ट्रीला वाहतुकीसाठी लावलेलं प्लास्टिकचं बूच तसंच राहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तिथे फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी किंवा स्फोट बाहेर न जाऊ देणारा, प्रमाणित प्लगच हवा. सप्लाय बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका.

व्होल्टेज पॅनलपाशी मोजून थांबू नका, शेवटच्या डिटेक्टरच्या टर्मिनलवर मोजा. दीड चौरस मिमीची तार, 300 मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास 7 ओहम. शेवटी एकत्र असलेले चार डिटेक्टर हीटरसकट 0.6 अँपिअर ओढत असतील तर 4 व्होल्टहून जास्त वाटेतच गेले. 24 चे 20 सुद्धा उरत नाहीत, आणि बॅटरीवर गेल्यावर त्याहून कमी.

आता टेस्टिंग. रायगडमधल्या एका कारखान्यात आम्ही टेस्ट लॅम्प (डिटेक्टरला खोटी ज्वाला दाखवणारा दिवा) धरला, तेव्हा पॅनलवर अलार्म बायपास, म्हणजे तात्पुरता बंद, होता, पण डिल्यूजचं (आग लागली की पाण्याचा मारा करणारी यंत्रणा) आउटपुट चालूच होतं. दोन डिटेक्टरांनी आग दाखवली आणि व्हॉल्व्ह उघडला. खाली मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा होता आणि दोन वायरमन मचाणावर होते. एकजण घसरला, पण सेफ्टी बेल्टने त्याला धरलं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी बायपासवर विसंबत नाही: सोलेनॉइडची (डिल्यूजचा व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) तार काढून टोकाला टेप, हँड व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, किल्ली माझ्या खिशात. तेवढा वेळ फायर वॉच (आगीवर लक्ष ठेवणारा माणूस) आणि भरलेला होज जागेवर हवाच, कारण तेव्हा प्लांट उघडा पडलेला असतो. बंद खोलीत सीओटू सोडणारी यंत्रणा असेल तर ती यांत्रिक लॉक केल्याशिवाय आत एकही माणूस जाऊ देऊ नका.

लॅम्प त्या डिटेक्टरच्या जातीचा आणि त्या झोनसाठी (स्फोटाच्या धोक्यानुसार ठरवलेला भाग) प्रमाणित असावा. लायटर अजिबात नको. लॅम्प धरला की एरवीचा 4 मिलीअँपिअरचा सिग्नल वाढून आगीच्या आकड्याला जातो का, तो अलार्म पॅनलवर योग्य टॅगवर (त्या डिटेक्टरच्या ओळख-क्रमांकावर) येतो का, हे प्रत्येकाचं वेगळं बघा. दोन टॅग आपसात बदललेले मला एकदा सापडलेत. मग एक तार काढून फॉल्ट येतो का तेही तपासा.

सगळं झाल्यावर तार परत जोडा, कुलूप काढा, बायपास उठवा आणि प्रत्येक गोष्ट ज्याने केली त्याची सही परमिटवर घ्या. आणि रंगारी येऊन गेले असतील तर पुन्हा एकदा वर चढा: काचेवर त्यांची मास्किंग टेप राहिलेली असते.